गिरणीशेजारचा हेडफोन

माझ्या घराच्या आणि पिठाच्या गिरणीच्या मध्ये चार हातांचा बोळ आहे. माझ्या ओसरीची खिडकी त्या बोळात उघडते आणि तिच्या बरोबर समोर गिरणीची खिडकी. ताडकळसला मी घर बांधलं तेव्हा पलीकडे मोकळी जागा होती. गिरणी नंतर आली. गिरणीविषयी माझी जी काही कुरकुर होती, तिचा सगळा डोलारा मी या एका गोष्टीवर उभा केला होता: मी आधीची.

शाळेत नोकरी होती तोवर गिरणीचा त्रास मला सुट्टीपुरता व्हायचा. निवृत्त झाले आणि कळलं, की शेजारी दिवसभर एक मोटार घरघरत असते. लाइट आली की गिरणी सुरू, लाइट गेली की बंद, एवढंच तिचं वेळापत्रक. वाचायला पुस्तक घ्यावं तर ओळीगणिक घरघर. त्यातून पीठ. रोज सकाळी खिडकीच्या फळीवर, टेबलावर, बुद्धाच्या तसबिरीच्या काचेवर पांढरा पातळ थर बसलेला असायचा. ओलं फडकं फिरवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पीठ निदान पुसता तरी येत होतं.

घरात मी एकटीच. मुलगी नागपूरला असते. तिनंच फोनवर सांगितलं, की सगळा कान झाकणारा एक हेडफोन मिळतो, त्याचं बटण दाबलं की बाहेरची घरघर दबते. किंमत ऐकून मी तिला वेड्यात काढलं आणि दोन महिन्यांनी मुकाट्यानं मागवला. जन्मात एवढी महागाची वस्तू मी फक्त स्वतःसाठी अशी घेतली नव्हती. किंमत मी गावात कुणालाही सांगितली नाही. आठ दिवसांत ती सगळ्यांना माहीत होती.

पहिल्यांदा बटण दाबलं तो दिवस मला चांगला आठवतो. समोरच्या खिडकीतून पट्टा फिरताना दिसत होता, पीठ उडत होतं, गिरणीवाले अप्पा कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते, आणि माझ्या कानांत जवळपास काही नव्हतं. मी त्यात गाणी लावत नाही, भाषणं लावत नाही. नुसता कानांवर चढवते आणि वाचत बसते. लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात.

वस्तू जपण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून कडक. पुस्तकाला कव्हर नसलेल्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. हेडफोन आल्यावर मी त्याचाही अभ्यास केला. तो आधी कुठे मोडतो, तर बिजागरीत. कसा, तर एका हातानं ओढून काढल्यामुळं. म्हणून दोन्ही हातांनी काढायचा. कानावरच्या गाद्यांवर जे चामड्यासारखं आवरण असतं ते चामडं नसतं. घामानं आणि केसांच्या तेलानं त्याच्या काळ्या पापड्या सुटतात. म्हणून हेडफोन घालायचा त्या दिवशी डोक्याला तेल नाही. जुन्या मलमलच्या साडीचे तुकडे कापून, कडेनं इलॅस्टिक घालून, दोन्ही गाद्यांना मी टोप्या शिवल्या होत्या, त्या दर रविवारी धुवायच्या. उन्हात ठेवायचा नाही. गळ्यात अडकवून हिंडायचं नाही. चार्जिंग पार संपू द्यायचं नाही. वापरून झाला की कोरड्या दस्तीनं पुसायचा, घडी घालून त्याच्या कडक डबीत ठेवायचा, डबीत औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी, आणि डबी कपाटात दोन शालींच्या मध्ये. माझ्या वयाच्या बायका नातवंडांचं एवढं करतात. मला नातवंडं नाहीत, त्यामुळं ती तुलना मी मनावर घेत नाही.

मे महिन्यात एका दुपारी अप्पांची मुलगी आली. माझीच विद्यार्थिनी. परभणीला कॉलेज करून घरी बसलेली. दारात चपला काढून, ओढणी सारखी करत उभी राहिली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागायला आली आहे.

"बाई, बुधवारी माझा इंटरव्ह्यू हाय," ती म्हणाली. "पुण्याच्या कंपनीचा. लॅपटॉपवर, अकरा वाजता. आमच्या घरात कुठंबी बसलं तरी गिरणीच ऐकू येते बगा. तुमचा हेडफोन तासाभरासाठी मिळंल का? त्याच्या माईकमधून बाहेरचा आवाज जात न्हाई म्हणं."

"अप्पांना सांग की तासभर गिरणी बंद ठेवायला."

"लगीनसराई हाय बाई. अकरालाच तर लाइट असते. लोकं लांबून दळण घेऊन यायलेत. त्यास्नी कसं सांगू?"

तिच्या आवाजात रडवेपणा नव्हता. पण ही मुलाखत गेली तर पुढच्या वर्षी तिचं लग्न होणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाही. मी तिच्याकडे बघितलं, म्हणजे खरं तर तिच्या केसांकडे बघितलं. तेल लावून चापून बसवलेली वेणी, कानाशी दोन पिना.

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. कुकर मागितला तर त्याची रिंग गेलेली असते, शिडी मागितली तर ती भावाकडे असते. देणाऱ्याला कळतं, मागणाऱ्यालाही कळतं, आणि दोघांची अब्रू राहते. मीही तेच केलं. "अगं, तो बिघडलाय," मी म्हणाले. "परभणीला दुरुस्तीला टाकलाय." इथं थांबले असते तर ती समजून गेली असती आणि प्रकरण तिथंच संपलं असतं. पण मी शिक्षिका. कारण दिल्याशिवाय माझं उत्तर पूर्ण होत नाही. मी पुढं म्हणाले, "त्यात पीठ गेलं. आता इथं पीठ तर सगळीकडेच उडतं."

तिचा चेहरा उतरला. "आमच्या गिरणीचं?" तिनं विचारलं.

"दुसरी कुठली गिरणी आहे इथं?" मी म्हणाले.

ती गेली. हेडफोन कपाटात दोन शालींच्या मध्ये होता.

त्याच संध्याकाळी बोळातून ठोकाठोकीचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर अप्पा स्टुलावर उभे राहून गिरणीच्या खिडकीवर पत्रा ठोकत होते. पत्र्याच्या आतून पोतं लावलं होतं, म्हणजे फटीतूनही काही यायला नको. अप्पांच्या गळ्यात लिंग असतं आणि कपाळावर विभूती, पण विभूती कुठली आणि पीठ कुठलं हे मला कधीच ओळखता आलेलं नाही. त्या दिवशी घामानं दोन्हीचे ओघळ झाले होते.

"काय करताय अप्पा?"

"काय न्हाई बाई, खिडकी बुजवायलो." त्यांनी तोंडातला खिळा काढला. "पोरीनं सांगितलं. तुमची एवढी महागाची वस्तू आमच्या पिठानं गेली. लय वाईट वाटलं बगा मला. आधी ध्यानातच आलं न्हाई. आता न्हाई यायचं पीठ तुमच्याकडं."

"एवढं कशाला? गिरणीत उकडेल तुम्हाला."

"आमाला सवय हाय," असं म्हणून ते पुढचा खिळा ठोकायला लागले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी खिडकीपासून बाजूला झाले आणि चहा टाकला. मनात म्हटलं, दोन-तीन दिवसांत उकाड्यानं स्वतःच काढतील.

त्यांनी काढला नाही. गिरणीला ती एकच खिडकी. समोर दार, त्यात बायकांची गर्दी. मे महिन्यात ताडकळसला दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अप्पा त्या बंद खोलीत मोटारीच्या आणि दगडांच्या गरमीत उभे असायचे. माझ्या फळीवर मात्र पीठ बसेनासं झालं. तसबिरीची काच सकाळी होती तशीच संध्याकाळी. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला ते आवडलं.

हेडफोनची पंचाईत झाली. तो परभणीला होता ना. ओसरीत बसून घालावा तर दळणाला जाणारी प्रत्येक बाई दारातून आत डोकावते. म्हणून मी मधल्या खोलीत बसायला लागले. दार लोटलेलं, त्या खोलीला खिडकी नाही, पंखा गरम वारा फिरवणारा. तिथं मी कान झाकून बसायची आणि मलमलच्या टोप्या अर्ध्या तासात भिजायच्या. घाम हा हेडफोनचा शत्रू, हे माझंच वाक्य. चौथ्या दिवशी डाव्या गादीच्या कडेला एक बारीक भेग दिसली. मी ती नखानं चाचपली आणि माझा राग कुणावर काढावा हे मला कळेना.

बुधवार आला. सकाळी मीही ज्वारीचा डबा गिरणीत नेऊन ठेवला होता, घरातलं पीठ संपलं होतं. साडेदहाला लाइट आली, मोटार सुरू झाली आणि अकराला पाच कमी असताना बंद पडली. मला वाटलं, लाइट गेली. पण माझा पंखा फिरत होता.

ओसरीत येऊन बघितलं. गिरणीपुढं दहा-बारा डबे रांगेत आणि बायका ओट्यावर. अप्पा दारात उभे होते. "पोरीचा इंटरव्ह्यू हाय," ते हात जोडून हळू आवाजात सांगत होते. "तासभर दम धरा. ज्यास्नी घाई हाय त्यांनी डबा ठेवून जावा, मी घरी आणून देतो."

कुणीही उठून गेलं नाही. उलट सगळ्याजणी कुजबुजत बोलायला लागल्या आणि मग तेही थांबलं. एकीनं रडणाऱ्या लेकराला पदराखाली घेतलं. भंगारवाला कर्णा लावून गल्लीत शिरला, तर अप्पा पीठभरल्या अंगानं त्याच्या गाडीपुढं जाऊन उभे राहिले आणि त्याला परत वळवला. लगीनसराईत, लाइट असताना, गिरणी बंद. मी इतकी वर्षं इथं राहते आहे, पण दिवसाच्या त्या वेळेला गल्ली इतकी शांत मी कधीच ऐकली नव्हती.

त्यांचं घर गिरणीच्या मागं. तिथल्या खोलीतून तिचा आवाज बोळातून माझ्यापर्यंत येत होता. इंग्रजीत बोलत होती, सावकाश, शब्दाचा शेवट न खाता. ते मीच शिकवलं होतं. एका प्रश्नाला ती अडखळली. मग ती पुन्हा बोलायला लागली. मला एकदम तिच्या शाळेतल्या वह्या आठवल्या. सिमेंटच्या पोत्याच्या आतल्या खाकी कागदाची कव्हरं, कोपरे दुमडून आत घातलेले, वर्षाच्या शेवटी एकही फाटलेलं नाही. सगळ्या वर्गाला मी तिच्या वह्या फिरवून दाखवायची. आणि मला तिच्या वेणीचं तेल दिसलं होतं.

पाऊण तासानं ती बाहेर आली. बायकांनी विचारलं, काय झालं गं. ती म्हणाली, कळवतो म्हणाले. अप्पांनी लगेच बटण दाबलं. माझं दळण दुपारी दोनला मिळालं, तोवर मी भात लावून घेतला होता.

पंधरा दिवसांनी ती पेढे घेऊन आली. नोकरी लागली होती. मला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदात हलकं वाटण्याचा वाटा मोठा होता, हेही सांगून टाकते. मी मनात म्हटलं, चला, कुणाचं काही बिघडलं नाही. मी तिला साडीची घडी दिली, पाठीवरून हात फिरवला, पुण्यात कसं राहायचं यावर एक लहानसं भाषणही दिलं.

निघताना ती दारात थांबली. "बाई, तुमचा हेडफोन आला का दुरुस्त होऊन?"

"नाही अजून," मी म्हणाले. दुसऱ्या वेळेला खोटं सोपं जातं.

"अप्पाकडं जरा ध्यान ठेवा. त्या बंद गिरणीत त्यास्नी दम लागायलाय. रात्री खोकतेत. मी खिडकी उघडा म्हणलं तर ऐकत न्हाईत. म्हणतेत, बाईंची वस्तू दुरुस्त होऊन आली की परत पीठ जाईल. तुमी सांगितलं तर ऐकतील. तुमचं ऐकतेत ते."

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. शाली बाजूला केल्या, डबी काढली. डाव्या गादीची भेग आता बोटभर झाली होती आणि एक काळी पापडी मलमलला चिकटली होती. एवढं जपून. मी कितीतरी वेळ ती डबी मांडीवर घेऊन बसले. मला माझी लाज वाटत होती. त्याला दुसरा शब्द नाही.

ती गुरुवारी पुण्याला गेली. शुक्रवारी सकाळी मी डबी घेऊन गिरणीत गेले. बाजूला बोलावून हळूच सांगायचं, असं ठरवलं होतं. पण गिरणी चालू होती आणि अप्पांना जागेवरून हलता येत नव्हतं. आत पाऊल टाकलं तर तोंडावर तव्यासारखी धग आली. पीठ हवेत नुसतं तरंगत होतं, त्याला जायला वाटच नव्हती. अप्पांनी नाकातोंडाला रुमाल बांधला होता. पापण्यासुद्धा पांढऱ्या.

"अप्पा, तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले.

त्यांनी कानाला हात लावला.

"एक सांगायचंय!" मी ओरडले.

दारातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांतल्या निम्म्या माझ्याच हाताखालून गेलेल्या. बाई गिरणीत येऊन ओरडतात म्हणजे नक्कीच पिठाची तक्रार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अप्पांच्याही. त्यांनी घाईनं हात पुढं करून बटण बंद केलं.

गिरणी एकदम थांबत नाही. पट्टा सैल पडतो, दगड घरघरत राहतात, आवाज हळूहळू खाली येतो. तेवढ्या वेळात मला परत फिरता आलं असतं. मी तिथंच उभी राहिले. मग सगळं शांत झालं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी डबी उघडली. मलमलच्या टोप्या घातलेला हेडफोन सगळ्यांना दिसला.

"हा बिघडला नव्हता," मी म्हणाले. "परभणीलाही गेला नव्हता. पीठबीठ काही गेलं नाही याच्यात. तुमच्या पोरीला द्यायचा नव्हता, म्हणून मी खोटं बोलले."

एकीनं डब्याचं झाकण उगाच काढून परत लावलं. अप्पांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला. त्याखालची चामडी तेवढी माणसाच्या रंगाची होती. आता ते बोलतील, आणि जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, अशी मी मनाची तयारी केली. ते खोकले. हात पँटला पुसले, डबीला लावायला पुढं केले आणि पुन्हा मागं घेतले. पीठ लागेल म्हणून असावं. मग त्यांनी पत्रा ठोकलेल्या खिडकीकडे बघितलं.

"मग बाई," ते म्हणाले, "तेवढी खिडकी उघडू का? लय उकडायलंय."